प्रकल्प नोंदी: ॲस्पार्टेममध्ये पहिलं अमिनो आम्ल कोणतं?

जीवरसायन प्रयोगशाळा, दादर, मुंबई. जून-जुलै २०२४.

१० जून, सोमवार

प्रश्न असा: एखाद्या पेप्टाइडमध्ये (अमिनो आम्लांच्या लहान साखळीत) कोणती अमिनो आम्लं आहेत हे कळलं, तरी त्यांचा क्रम कळत नाही. मग तो काढायचा कसा? प्रथिनाची प्राथमिक संरचना म्हणजे हा क्रमच. नमुना मुद्दाम सर्वांत लहान घेतला आहे. चहात टाकायच्या बिनसाखरेच्या गोळ्यांमधलं ॲस्पार्टेम हे डायपेप्टाइड (दोन अमिनो आम्लांची जोडी) आहे: ॲस्पार्टिक आम्ल, फिनाइलॲलॅनिन आणि शेवटच्या कार्बोक्सिलवर मिथाइल एस्टर. उत्तर पुस्तकात आहेच. ते पुस्तक न उघडता प्लेटवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे टीएलसीने) दाखवता येतं का, हे पाहायचं.

वस्तुमानाचा हिशेब: ॲस्पार्टिक १३३.१ + फिनाइलॲलॅनिन १६५.२ + मिथेनॉल ३२.० = ३३०.३. पेप्टाइड बंध आणि एस्टर बनताना पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात, म्हणून वजा ३६.०. उरले २९४.३. क्रम उलटा केला तरी बेरीज तीच येते, त्यामुळे नुसत्या वजनाने इथे काही भागत नाही.

वीस अमिनो आम्लांपासून डायपेप्टाइडं ४०० होतात, ट्रायपेप्टाइडं ८,०००. आपल्याकडे शक्यता दोनच आहेत. तरीही पुढे महिनाभराचं काम दिसतंय.

१२ जून, बुधवार

तयारी.

६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल: कपाटातली बाटली ३५ टक्क्यांची आहे, म्हणजे सुमारे ११.३ मोलर. ‘निम्मं आम्ल, निम्मं पाणी’ हा हिशेब ३७ टक्क्यांच्या आम्लासाठी. आपल्या बाटलीतलं ५३ मिली आम्ल ४७ मिली पाण्यात सावकाश ओतलं. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. फ्यूम हूडखाली.

स्टँडर्ड (तुलनेसाठी ओळखीचे नमुने): ॲस्पार्टिक, फिनाइलॲलॅनिन, ल्युसीन, ग्लायसीन आणि प्रोलीन, प्रत्येकी २ मिग्रॅ प्रति मिली, १० टक्के आयसोप्रोपेनॉलमध्ये. नुसत्या पाण्यात ठेवली तर आठवड्याभरात बुरशी धरते आणि मग फ्रिजचाही उपयोग होत नाही. ॲस्पार्टिक लवकर विरघळत नाही, कोमट पाण्यात हलवत राहावं लागतं.

निनहायड्रिन (मोकळ्या अमिनो गटाला रंग देणारा फवारा): ०.२ ग्रॅम १०० मिली ॲसिटोनमध्ये. गडद बाटलीत.

प्लेटा: ॲल्युमिनियमवरच्या सिलिका जेल, १० × १० सेंमी. पावसाळी हवेत सिलिका ओल ओढते आणि ठिपके दर दिवशी वेगळ्या उंचीवर थांबतात. म्हणून वापरायच्या आधी ११०° से. ला ३० मिनिटं, मग डेसिकेटरमध्ये. डेसिकेटरातले निळे खडे गुलाबी झालेत, ते आधी भाजून घेतले. इतकं करूनही आरएफचे (ठिपक्याची चढण भागिले द्रावकाची चढण) आकडे पुस्तकाशी ताडायचे नाहीत, त्याच प्लेटवरच्या स्टँडर्डशीच ताडायचे.

१४ जून, शुक्रवार

पहिली प्लेट. द्रावक: एन-ब्युटेनॉल, ॲसिटिक आम्ल, पाणी ४:१:१ (४० + १० + १० मिली). रोज ताजं करायचं. शिळ्या मिश्रणात ब्युटेनॉल आणि ॲसिटिक आम्लाचं ब्युटाइल ॲसिटेट बनू लागतं. पिकल्या केळ्यासारखा वास आला की मिश्रण फेकून द्यायचं. पात्रात गाळणकागद लावून ३० मिनिटं झाकण बंद, आतली हवा वाफेने भरल्याशिवाय प्लेट ठेवायची नाही. रेघ पेन्सिलीची, तळापासून १ सेंमीवर. बॉलपेनची शाई द्रावकाबरोबर वर चढते.

८ सेंमी चढायला १ तास ४० मिनिटं लागली. ब्युटेनॉल दाट, त्याला घाई नसते.

फवारा, मग १०५° ला ५ मिनिटं. स्टँडर्ड ठीक: ग्लायसीन ०.२५, ॲस्पार्टिक ०.२४, फिनाइलॲलॅनिन ०.५६, ल्युसीन ०.५५. प्रोलीन पिवळं, कारण त्याची अमिनो गटातली दुय्यम बांधणी रुहेमान जांभळा (निनहायड्रिनचा नेहमीचा रंग) बनू देत नाही. प्लेटच्या डाव्या कडेला जांभळे अंगठे उमटलेत. हातमोजे फवारा मारतानाच नाही, प्लेट पाकिटातून काढतानाही घालायचे.

गोळीचा नमुना (१ गोळी ५ मिली पाण्यात, गाळून, जलअपघटन, म्हणजे गरम आम्लात बंध तोडणं, न करता): दोन ठिपके. एक ०.४१ ला, हे बहुधा अख्खं ॲस्पार्टेम. त्याचा अमिनो गट मोकळा असल्याने ते निनहायड्रिनला रंग देतं. दुसरा ०.५५ ला. म्हणजे फिनाइलॲलॅनिनच्याच उंचीवर, तेही काही तोडायच्या आधीच. गोळी फुटलेली की जुनी?

१८ जून, मंगळवार

काल बकरी ईदची सुट्टी.

गोळीचंच जलअपघटन करून पाहिलं: एक गोळी, २ मिली ६ मोलर आम्ल, टेफ्लॉनचा आतला थर असलेल्या झाकणाची नळी, ११०°. तीन तासांत नळी काळी डांबरासारखी. गोळीतला बहुतेक भाग लॅक्टोज. गरम आम्लात साखर करपते आणि तिचे तुकडे अमिनो आम्लांना चिकटून तीही खातात. हा नमुना गेला.

०.५५ च्या ठिपक्याचा उलगडा डबीच्या मागच्या बाजूला छापलेला निघाला: घटकांच्या यादीत एल-ल्युसीन आहे. गोळी साच्यातून सुटावी म्हणून वंगण लागतं. नेहमीचं मॅग्नेशियम स्टिअरेट पाण्यात विरघळत नाही, चहावर तवंग धरतं, त्याऐवजी ल्युसीन. या द्रावकात ल्युसीन आणि फिनाइलॲलॅनिन जवळपास एकावर एक बसतात, त्यामुळे ‘फिनाइलॲलॅनिन सापडलं’ अशी नोंद झालीच असती. त्याच डबीवर फिनाइलकिटोन्युरियाच्या (शरीरात फिनाइलॲलॅनिन न मोडण्याच्या आजाराच्या) रुग्णांसाठीची सूचनाही आहे, तीही याच फिनाइलॲलॅनिनमुळे. नमुन्याचं लेबल पहिल्या दिवशी वाचायचं असतं.

मिथेनॉलने धुऊन लॅक्टोज मागे ठेवता येतो, पण ल्युसीनचा अंश सोबत येतच राहतो. गोळ्या बंद. प्रिन्सेस स्ट्रीटवरून शुद्ध ॲस्पार्टेमची २५ ग्रॅमची बाटली आणायची.

२० जून, गुरुवार

शुद्ध पूड आली. जलअपघटनाशिवाय टीएलसी: ०.४१ ला एकच ठिपका. ठीक.

तीन नळ्या लावल्या: प्रत्येकीत १० मिग्रॅ ॲस्पार्टेम, २ मिली ६ मोलर आम्ल, झाकणाआधी अर्धा मिनिट नायट्रोजन. तापमान ११०°.

प्रथिनांसाठी २४ तासांचा रिवाज आहे. व्हॅलिन-आयसोल्युसीनसारखे चिवट बंध तुटायला ७२ तासही लागतात. आपल्या बंधात ॲस्पार्टिकचं शेजारचं कार्बोक्सिल स्वतःच तोडायला मदत करतं, म्हणून ८ तास पुरेत असा अंदाज. रात्री ओव्हन चालू ठेवायला परवानगी नाही. दोन दिवसांत तुकड्यांनी ८ तास भरले तरी चालतं, खोलीच्या तापमानाला अभिक्रिया जवळजवळ थांबलेली असते. फक्त प्रत्येक वेळी नळी पूर्ण तापायला लागणारी २० मिनिटं हिशेबात धरायची नाहीत.

आम्ल जलअपघटनाचे ठरलेले तोटे, पुढे कोणी मोठं प्रथिन घेतलं तर: ट्रिप्टोफॅन नष्ट होतं. ॲस्पॅराजीन आणि ग्लुटामीन यांचे अमाइड तुटून ती ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक म्हणून मोजली जातात. सेरीन, थ्रिओनीन थोडी कमी भरतात. टायरोसीन वाचवायला ०.१ टक्का फिनॉल. आपल्या नमुन्यात यांपैकी काही नाही, हेही नमुना लहान घेण्याचं एक कारण.

२५ जून, मंगळवार

नळ्या उघडल्या, द्रव बिनरंगी. आम्ल घालवणं हे इथलं खरं कष्टाचं काम. वॉटर बाथवर कोरडं केलं, १ मिली पाणी, पुन्हा कोरडं, असं तीनदा. मग सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे ठेवलेल्या निर्वात डेसिकेटरमध्ये रात्रभर. दाणे या हवेत उघडे ठेवले की दहा मिनिटांत पाणी सुटून चिकट होतात, थेट बाटलीतून डेसिकेटरमध्ये टाकायचे. एका नळीत दोनदाच धुतलं होतं. तिचे ठिपके ओढल्यासारखे लांबले आणि रंग जांभळ्याऐवजी गुलाबीकडे गेला. राहिलेल्या आम्लाची ही खूण.

अवशेष २ मिली १० टक्के आयसोप्रोपेनॉलमध्ये, प्लेटवर १ मायक्रोलीटर (दर ठिपक्यात ॲस्पार्टिक साधारण २ मायक्रोग्रॅम).

निकाल: ०.२४ आणि ०.५६. ०.४१ चा ठिपका संपूर्ण गेला. म्हणजे ॲस्पार्टिक आणि फिनाइलॲलॅनिन, आणि तिसरं काही नाही.

इथे घटक कळले. ॲस्पार्टिक-फिनाइलॲलॅनिन आणि फिनाइलॲलॅनिन-ॲस्पार्टिक, दोन्ही रेणू उकळून हीच प्लेट देतील. मण्यांची माळ तोडून डबीत ओतली की मणी मोजता येतात, कोणता आधी ओवला होता ते नाही. तोडायच्या आधी पहिल्या मण्याला खूण करायला हवी.

२८ जून, शुक्रवार

खूण कोणती? फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनसाठी वापरलेलं फ्लुओरो-डायनायट्रोबेंझीन मोकळ्या अमिनो गटाला चिकटतं आणि पिवळं डीएनपी-अमिनो आम्ल देतं. १९४५ साली त्यांना इन्सुलिनच्या टोकाला दोन वेगवेगळी आम्लं मिळाली, ग्लायसीन आणि फिनाइलॲलॅनिन. त्यावरून साखळ्या एकाहून जास्त आहेत हे ठरलं: २१ अमिनो आम्लांची ए, ३० ची बी. पण हे रसायन त्वचेला ॲलर्जी देतं, विद्यार्थ्यांच्या टेबलावर नको.

म्हणून डॅन्सिल क्लोराइड, १९६३ ची ग्रे आणि हार्टली यांची पद्धत. संवेदनशीलता सुमारे शंभरपट, कारण खूण ३६५ नॅनोमीटरच्या यूव्हीखाली चमकते. मर्म एवढंच: डॅन्सिल आणि नायट्रोजन यांच्यातला सल्फोनामाइड बंध गरम ६ मोलर आम्लात बहुतांशी टिकतो, पेप्टाइड बंध टिकत नाही. उकळल्यावर पहिल्या आम्लाच्याच खांद्यावर झेंडा राहतो.

बाटली फ्रिजमध्ये असते. बाहेर काढून लगेच उघडली तर या दमट हवेत काचेवर आणि पुडीवर दव धरतं आणि क्लोराइडचं डॅन्सिल आम्ल होतं. ते निळं चमकतं, काही कामाचं नाही. डेसिकेटरमध्ये तासभर ठेवून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची.

१ जुलै, सोमवार

डॅन्सिलची पहिली फेरी. तयार ट्रिस बफर (०.१ मोलर, पीएच ८.५) होता, तोच वापरला. चूक. ट्रिसमध्ये स्वतःचा प्राथमिक अमिनो गट आहे आणि नमुन्याच्या तिप्पट-चौपट नाही, तीसपट प्रमाणात आहे. डॅन्सिल तिकडेच गेलं. ‘नुसतं बफर, नमुना नाही’ अशी एक रांग लावली होती म्हणून कळलं: तिथेही तोच मोठा चमकता ठिपका. अमोनियम बायकार्बोनेटलाही हाच नियम, त्यातून डॅन्सिल-अमाइड बनतं. सोडियम बायकार्बोनेटच वापरायचं.

५ जुलै, शुक्रवार

०.२ मोलर सोडियम बायकार्बोनेट (१.६८ ग्रॅम १०० मिलीत). त्यात ॲस्पार्टेम १ मिग्रॅ प्रति मिली. डॅन्सिल क्लोराइड ५ मिग्रॅ प्रति मिली ॲसिटोनमध्ये. समान आकारमान घेतलं की डॅन्सिल मोलमध्ये साधारण पाचपट जास्त.

द्रावण तयार करेपर्यंत साडेपाच झाले. नमुन्याचं द्रावण झाकून टेबलावर, अभिक्रिया सोमवारी.

९ जुलै, मंगळवार

काल पहाटेच्या पावसाने लोकल खोळंबल्या, लॅब बंद. आज चौथ्या दिवशी तेच द्रावण वापरलं.

१०० + १०० मायक्रोलीटर, ३७°, अंधारात १ तास. पिवळा रंग मावळला. कोरडं केलं. त्यावर ६ मोलर आम्ल थेंबाथेंबाने, कारण बायकार्बोनेट फसफसतं आणि अरुंद नळीतून नमुनाच बाहेर येतो. नळ्यांची तोंडं ज्योतीवर वितळवून बंद. ओव्हन.

१० जुलै, बुधवार

८ तास पूर्ण, नळ्या कोरड्या. अवशेषात मीठ असतं, ते प्लेटवर शेपट्या काढतं. म्हणून अवशेष ५० मायक्रोलीटर पातळ आम्लात घेऊन इथाइल ॲसिटेटने दोनदा ओढला. डॅन्सिल-अमिनो आम्ल वरच्या थरात येतं. मीठ, मोकळं अमिनो आम्ल आणि बरंचसं डॅन्सिल आम्ल पाण्यात राहतं.

प्लेट: क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, ॲसिटिक आम्ल १५:४:१. डॅन्सिल-ॲस्पार्टिक खाली, डॅन्सिल-फिनाइलॲलॅनिन बरंच वर, दोन्ही स्टँडर्ड पिवळसर हिरवे.

नमुन्याच्या रांगेत ॲस्पार्टिकच्या उंचीवर इतका फिका उजेड की हो म्हणवत नाही. फिनाइलॲलॅनिनच्या उंचीवर काही नाही. डॅन्सिल संपलं म्हणावं तर खाली निळा ठिपका भरपूर, म्हणजे अभिकर्मक होता. मग अमिनो गटच नव्हता का?

शुक्रवारचं उरलेलं द्रावण तपासलं. दोन चाचण्या. तसंच प्लेटवर लावून निनहायड्रिन: ०.४१ चा ठिपका जेमतेम, त्याच्याखाली आणखी एक फिका. दुसरी चाचणी, त्याच द्रावणाचं आम्ल जलअपघटन, त्याचा निकाल परवा.

१२ जुलै, शुक्रवार

जुन्या द्रावणाच्या जलअपघटनानंतर ॲस्पार्टिक आणि फिनाइलॲलॅनिन दोन्ही ठिपके ठसठशीत, २५ जूनच्या तोडीचे. म्हणजे माल कुठे गेला नाही. घटक तेच, पण मोकळं टोक नाहीसं झालं.

कारण: पीएच ७ च्या वर ॲस्पार्टिकचा मोकळा अमिनो गट वळून मिथाइल एस्टरवर हल्ला करतो, मिथेनॉल बाहेर पडतं आणि सहा अणूंचं वलय बनतं, डायकिटोपिपराझीन. त्यात दोन पेप्टाइड बंध आहेत, अमिनो टोक एकही नाही. निनहायड्रिन त्याला पाहत नाही, डॅन्सिल धरत नाही. काही रेणूंचा नुसता एस्टर तुटून साधं डायपेप्टाइड होतं, तो खालचा फिका ठिपका बहुधा तोच. यांतलं एकही गोड लागत नाही. ॲस्पार्टेम सर्वांत टिकतं पीएच ४.३ च्या आसपास, म्हणून ते आंबट शीतपेयांत महिनोन्महिने राहतं आणि आपल्या बायकार्बोनेटमध्ये चार दिवसांत जातं.

या प्रकल्पातली सर्वांत कामाची नोंद हीच असावी. ‘टोक सापडत नाही’ हेसुद्धा संरचनेबद्दलचं उत्तर असू शकतं. सँगर यांनी १९४६ मध्ये ग्रॅमिसिडिन एस तपासलं तेव्हा त्यांना ऑर्निथीनच्या बाजूच्या शाखेवरचाच अमिनो गट मोकळा मिळाला, साखळीचं टोक नाही. ते पेप्टाइड वलयाकार आहे.

आजची फेरी: ॲस्पार्टेम पाण्यात विरघळवून ठेवलं. बायकार्बोनेट (दुप्पट तीव्रतेचं) आणि डॅन्सिल एकापाठोपाठ, एका मिनिटाच्या आत. ३७° ऐवजी खोलीच्या तापमानाला २ तास, नळीभोवती ॲल्युमिनियमचा कागद. ॲसिटोन घातल्यावर पीएच कागदाने पुन्हा पाहिला, ८.५ च्या आसपास. जास्त पीएचला अभिक्रिया जोरात होते, पण वलयही जोरात होतं.

सोबत एक उलटी नळी: आधी जलअपघटन, मग डॅन्सिल.

१६ जुलै, मंगळवार

प्लेट. रांग १, डॅन्सिल-ॲस्पार्टिक. रांग २, नमुना. रांग ३, डॅन्सिल-फिनाइलॲलॅनिन. रांग ४, उलटी नळी. रांग ५, नुसतं बायकार्बोनेट आणि डॅन्सिल.

पहिल्यांदा लोड जास्त झाला, सगळी प्लेट उजेडाची. अर्क दहापट पातळ करून अर्धा मायक्रोलीटर.

रांग २ मध्ये ॲस्पार्टिकच्या उंचीवर स्वच्छ पिवळसर हिरवा ठिपका, फिनाइलॲलॅनिनच्या उंचीवर काळोख. रांग ४ मध्ये दोन्ही. रांग ५ मध्ये फक्त निळा डॅन्सिल आम्लाचा आणि थोडा डॅन्सिल-अमाइडचा, हवेतल्या किंवा पाण्यातल्या अमोनियामुळे. डॅन्सिल आम्लाचा ठिपका ॲस्पार्टिकच्या खालच्या कडेला टेकतो, पण रंगाने वेगळा ओळखू येतो. फोटो काढताना फोनचा कॅमेरा हा फरक पुसून टाकतो, म्हणून यूव्हीखाली पेन्सिलीने कडा आखून घेतल्या.

नोंद: अमिनो टोक ॲस्पार्टिक. दोनच अमिनो आम्लं असल्याने दुसरं फिनाइलॲलॅनिन.

काय सिद्ध झालं नाही, तेही लिहून ठेवतो. ॲस्पार्टिकला दोन कार्बोक्सिल आहेत. फिनाइलॲलॅनिन अल्फा कार्बोक्सिलला (अमिनो गटाजवळच्या) जोडलंय की बीटाला (बाजूच्या शाखेवरच्या), हे या प्लेटला कळत नाही, दोन्ही बाबतीत डॅन्सिल-ॲस्पार्टिकच येईल. एडमन पद्धत इथे फरक दाखवते: टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सोडवत जाणारं तिचं चक्र बीटा बंधावर अडतं. तिची अभिकर्मकं आपल्याकडे नाहीत.

क्लोरोफॉर्मचं द्रावक हॅलोजनच्या कॅनमध्ये, सिंकमध्ये नाही. ॲस्पार्टेमची बाटली कोरड्या कपाटात. उद्या मोहरमची सुट्टी. गुरुवारी ग्लुटाथायोनच्या (तीन अमिनो आम्लांच्या पेप्टाइडच्या) दोन नळ्या ओव्हनमध्ये. त्यात ग्लुटामिकचा बंध गॅमा कार्बोक्सिलवरून आहे, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर येणार.